बीनबॅग नको, आधी चादर बदल

प्रश्न : ताई, मी यंदा कॉलेजच्या पहिल्या वर्षाला आहे आणि पहिल्यांदाच हॉस्टेलवर राहतेय. खोली 10 फूट बाय 12 फूट, त्यात आम्ही दोघी. प्रत्येकीला एक कॉट, एक टेबल-खुर्ची आणि एक लोखंडी कपाट. भिंतीला खिळा ठोकायचा नाही, रंग लावायचा नाही, असा नियम आहे. मी हौसेनं दिव्यांची माळ, पोस्टरं आणि पाच कप्प्यांचा एक प्लॅस्टिकचा रॅक घेतला. आता बीनबॅग आणि मोठा गालिचा घ्यायचं मनात आहे. पण रॅक आल्यापासूनच खोलीत अंग चोरून चालावं लागतंय. रूममेटला मोकळ्या भिंती आवडतात. ती तोंडानं काही बोलत नाही, पण नाराज आहे हे कळतं. सजवावं तर जागा जाते, जागा राखावी तर खोली ओकीबोकी दिसते. मधला मार्ग आहे का?

उत्तर : बीनबॅग घेऊ नकोस. हे अगदी पहिल्या ओळीत सांगतेय, नाहीतर माझं उत्तर वाचून संपेपर्यंत तू ऑर्डर देऊन मोकळी होशील.

आता कारण सांगते. तू दिलेल्या मापांवरून जरा हिशोब मांडू. खोली 120 चौरस फुटांची. सव्वासहा फूट बाय तीन फुटांच्या दोन कॉट म्हणजे साधारण 38 चौरस फूट गेले. 3 बाय 2 ची दोन टेबलं 12, तेवढीच दोन कपाटं आणखी 12. उरले 58. पण हे 58 तुमच्या हातात नाहीत. अडीच फुटी दार आत उघडत असेल, तर त्याच्या फिरण्यात पाचेक चौरस फूट अडकतात. टेबलाजवळची खुर्ची मागे सरकवून उठायला अडीच फूट लागतात, म्हणजे दोघींचे मिळून 15. कपाटांची दारं उघडायला 9. राहिले 29, आणि तेही सलग नाहीत, दोन कॉटच्या मधली पट्टी आणि इकडचे तिकडचे कोपरे. मोठी बीनबॅग तीन फूट बाय तीन फूट जागा घेते, म्हणजे 9 चौरस फूट. तुमच्याकडच्या मोकळ्या जमिनीचा जवळजवळ तिसरा हिस्सा एका अशा वस्तूला द्यायचा, जिच्यावर एका वेळी एकच जण बसणार आणि जी रात्री पाणी प्यायला उठलेल्या दुसरीच्या पायात येणार. बसायला दोन कॉट आहेत ना? भिंतीच्या बाजूला दोन-तीन लांबट उशा किंवा लोड ठेवले की दिवसा कॉटचाच सोफा होतो.

गालिच्याचंही तेच. तो जमीन अडवत नाही हे खरं, पण मोठा गालिचा कॉटच्या पायांखाली जातो. मग त्याखालचा केर काढायला कॉट उचलावी लागते, म्हणून कुणी तो काढतच नाही. त्यापेक्षा दोन कॉटच्या मधे मावेल अशी एक लांबट सुती सतरंजी टाका. ती झटकता येते, बादलीत धुता येते. एक बघ : तिची जाडी दाराखालच्या फटीपेक्षा कमी हवी, नाहीतर प्रत्येक वेळी दार अडेल.

तुझ्या पत्रातली खरी अडचण मला वेगळीच वाटते. सजावट म्हणजे खोलीत काहीतरी नवं आणणं, असं तू धरून चालली आहेस. मोठ्या घरात हे चालून जातं. दहा बाय बाराच्या खोलीत मात्र जे लागतंच, तेच देखणं निवडायचं. चादर लागतेच, पडदा लागतो, दिवा लागतो, कपडे अडकवायला काहीतरी लागतं, पाण्याची बाटली आणि कचऱ्याची टोपलीसुद्धा लागते. या गोष्टी आपण मिळेल त्या, घरून उरलेल्या, मळखाऊ रंगाच्या आणतो आणि मग त्यांचा भकासपणा झाकायला वर आणखी वस्तू विकत घेतो. जागा तिथे जाते.

म्हणून सुरुवात चादरीपासून. दोन कॉट मिळून 38 चौरस फूट, म्हणजे तुमच्या खोलीत डोळ्यांना दिसणारा सगळ्यात मोठा रंगीत पृष्ठभाग तोच. तिथे एकीची निळी फुलाफुलांची आणि दुसरीची तपकिरी चौकड्यांची चादर असेल, तर भिंतीवर कितीही सुंदर पोस्टर लाव, खोली विस्कळीतच दिसणार. दोघी मिळून एक रंग ठरवा. चादरी एकसारख्या हव्यात असं नाही. एकीची साधी, दुसरीची त्याच रंगाच्या रेघांची, आणि पडदा त्याच रंगाची फिकट छटा. तीन जागी एकच रंग आला की खोली आपोआप जुळून येते. फिकट रंग उजेड परतवतो म्हणून लहान खोलीत तो बरा, पण पांढरीशुभ्र चादर हॉस्टेलवर आठवडाभरही टिकत नाही हेही लक्षात असू दे. कॉटवर दिवसा एक पलंगपोस टाक. त्याच्या कडा जमिनीपासून चार बोटं वर राहिल्या तर कॉटखालचं सामान झाकलं जाईल आणि झाडूही फिरेल.

यानंतर उजेड. बहुतेक हॉस्टेलांमध्ये छताला एकच पांढरी ट्यूब असते. सगळ्या खोलीवर सारखाच, सपाट उजेड पडतो आणि खोली रुक्ष दिसण्याचं निम्मं कारण तेच असतं. दिव्याच्या खोक्यावर एक आकडा आणि त्याच्यापुढे इंग्रजी के हे अक्षर असतं. 2700 च्या आसपास असेल तर पिवळसर, ऊबदार उजेड. 4000 असेल तर तटस्थ. 6500 असेल तर निळसर पांढरा. अभ्यासाच्या टेबलावर 4000 चालेल, कॉटजवळ 2700 घे. टेबलावर बूड टेकवून उभा राहणारा दिवा घेऊ नकोस, तो वहीएवढी जागा खातो. टेबलाच्या किंवा कॉटच्या कडेला चिमट्यानं बसणारा घे आणि त्याचं तोंड वळवता येतंय का ते बघ. उजव्या हातानं लिहीत असशील तर दिवा डावीकडे ठेव, म्हणजे हाताची सावली वहीवर पडत नाही. रूममेट झोपलेली असताना ट्यूब बंद करून आपापल्या चिमट्याच्या दिव्यात वाचता येतं, हा त्याचा खरा फायदा. सजावटीवरून होणार नाहीत एवढी भांडणं रात्रीच्या दिव्यावरून होतात.

तुझी दिव्यांची माळ वाया जाणार नाही. फक्त ती खोलीभर फिरवू नकोस. एकाच सरळ रेषेत लाव, खिडकीच्या वरच्या कडेनं किंवा तुझ्या कॉटच्या उशाशी. एलईडीची माळ फार तापत नाही आणि चार-पाच वॅटवर भागते, पण तिची वायर गादीखाली किंवा सतरंजीखाली दाबून नेऊ नकोस. वायर सतत दबली की आतून तुटते आणि तिथे गरम होते. पाणी उकळायची किटली 1500 ते 2000 वॅट ओढते, लॅपटॉपचा चार्जर साधारण 65. म्हणून एक्स्टेन्शन बोर्डवर चार्जर आणि दिवेच लाव. किटली आणि इस्त्री, हॉस्टेलवर चालत असतील तर, थेट भिंतीच्या सॉकेटमध्ये. आणि एका बोर्डात दुसरा बोर्ड खोचायचा नाही, कितीही मोह झाला तरी.

भिंतीबद्दल जरा सविस्तर लिहिते, कारण जागा वाचवायची खरी संधी तिथेच आहे. अठराव्या-एकोणिसाव्या शतकात अमेरिकेत शेकर नावाचा एक धार्मिक पंथ होता. साधेपणाबद्दल आणि लाकडी सामानाबद्दल ते लोक नावाजलेले. त्यांच्या खोल्यांमध्ये चारी भिंतींवरून एक लाकडी पट्टी आणि तिच्यावर ओळीनं खुंट्या असत. टोप्या, कपडे, झाडू तर तिथे लटकतच, पण वापर नसेल तेव्हा खुर्च्यासुद्धा उचलून खुंटीला अडकवत. जमीन मोकळी, केर काढणं सोपं. त्या खोल्यांची छायाचित्रं आज बघितली तर ती ओळीनं टांगलेली साधी खुर्ची-टोपीच शोभेची वाटते.

खिळा नाही म्हणून तू अडून बसू नकोस. तुमची कपाटं लोखंडी आहेत, हे तुझ्या पत्रातलं सगळ्यात चांगलं वाक्य. कपाटाची बाजू म्हणजे सहा फूट उंच आयती भिंत आहे, आणि तिला लोहचुंबक लागतो. चुंबकाचे हुक, चुंबकाचा पेन ठेवायचा डबा, वेळापत्रक, फोटो, सगळं तिथे जाईल, काढताना डाग नाही की पोपडा नाही. एक मेख आहे. चुंबकाच्या पाकिटावर लिहिलेलं वजन सरळ ओढून मोजलेलं असतं, उभ्या पत्र्यावर तो त्याच्या कितीतरी आधी घसरतो. पाच किलो लिहिलं असेल तर किलोभराच्या वर टांगू नकोस. पुस्तकांनी भरलेली सॅक तर नाहीच.

भिंतीवर चिकटणारे हुक लावायचे असतील तर आधी भिंतीवरून तळहात फिरव. हाताला पांढरी भुकटी लागली तर तिथे कुठलीही चिकटपट्टी टिकणार नाही. पैसे वाचव आणि दाराची मागची बाजू, खिडकीचे गज, कॉटची डोक्याकडची जाळी यांच्यावर काम चालव. दारावरून अडकवायचे पत्र्याचे हुक मिळतात, त्यावर दोघींचे टॉवेल आणि ओढण्या सहज मावतात. भिंत गुळगुळीत ऑइलपेंटची असेल तर जागा स्पिरिटनं पुसून घे, वाळू दे, हुक अर्धा मिनिट दाबून धर आणि तासभर त्याला काही अडकवू नकोस. ही तासभराची वाट कुणी बघत नाही, आणि मग रात्री धप्प आवाज येतो. भिंतीला नुकताच रंग दिला असेल तर निदान आठवडा जाऊ दे.

पोस्टरं किती आहेत ते तू लिहिलं नाहीस. कितीही असोत, एकाच भिंतीवर, एकाच गटात लाव. चार भिंतींवर विखुरलेली आठ चित्रं पसारा वाटतात, आणि तीच आठ जवळजवळ, दोन बोटांचं अंतर सोडून लावली तर एक मोठं चित्र वाटतं. आधी जमिनीवर मांडून बघ. उंचीही थोडी वेगळी धर. संग्रहालयात चित्राचा मध्य जमिनीपासून साधारण 145 सेंटीमीटरवर ठेवतात, कारण तिथे माणूस उभा असतो. हॉस्टेलच्या खोलीत आपण बहुतेक वेळ बसलेले किंवा लोळत असतो. कॉटवर बसल्यावर डोळे साधारण 115 ते 120 सेंटीमीटरवर येतात, चित्रांचा मध्य तिथे आण. वरची भिंत मोकळी राहते आणि छत उंच वाटतं. कागदाऐवजी एखादं छापील सुती कापड टांगलंस तर आणखी बरं, सुट्टीत घडी घालून बॅगेत जातं. हॉस्टेलच्या नियमात भिंतीवर कापड चालतं का ते मात्र विचारून घे, आगीच्या भीतीनं काही ठिकाणी मनाई असते.

आरसा घ्यायचा असेल तर लांबट घे आणि कपाटाच्या दारावर लाव, म्हणजे त्याला वेगळी जागा लागत नाही. खिडकीसमोर किंवा खिडकीच्या काटकोनात आला तर उजेड दुप्पट झाल्यासारखा वाटतो. ल कोर्बुझिए या वास्तुकारानं 1952 मध्ये फ्रान्सच्या समुद्रकिनाऱ्यावर स्वतःसाठी एक लाकडी खोली बांधली होती, लांबी-रुंदी प्रत्येकी 3.66 मीटर, म्हणजे तुमच्याहून एका बाजूला फक्त दोन फूट जास्त. तिच्या खिडकीच्या झडपांना आतून आरसे होते, आणि पलंगाखाली खण. शहरंच्या शहरं आखणाऱ्या माणसानं सुट्टी घालवायला एवढीशी खोली निवडली, हे मला नेहमी मजेशीर वाटतं. तुझ्यासाठी मुद्दा एवढाच, की आरशात काय दिसतंय ते लावण्याआधी बघ. खिडकी दिसली तर उत्तम. खुर्चीवर साचलेला कपड्यांचा ढीग दिसत असेल तर तू तो ढीग दुप्पट केलास. आणि रूममेटची कॉट सतत त्यात दिसेल असा तर मुळीच लावू नकोस.

आता सामान. कॉटखाली किती उंची आहे ते टेपनं मोज, तेही जमिनीपासून कॉटच्या सगळ्यात खालच्या आडव्या पट्टीपर्यंत, गादीपर्यंत नव्हे. खोका त्याहून तीन सेंटीमीटरनं बुटका हवा. पण खोके विकत घेण्याआधी तुझी सुटकेस बघ. ती वर्षभर रिकामी पडून राहणार असेल तर तोच तुझा खोका. लहान बॅग मोठीच्या आत, आणि उरलेल्या जागेत पांघरूण, जाड कपडे, या सत्रात न लागणारी पुस्तकं. हवा ओढून चपट्या होणाऱ्या पिशव्या पांघरुणांना छान, फक्त त्यानं आकार कमी होतो, वजन तेवढंच राहतं. कॉट उंच करणारे ठोकळे मिळतात, त्यांनी दहा-पंधरा सेंटीमीटर मिळतात, पण कॉट डगमगत असेल किंवा वर-खाली अशी दुमजली असेल तर त्यांच्या वाटेला जाऊ नकोस.

कपाटात कपडे एकावर एक न रचता उभ्या घड्या करून लाव, पुस्तकं लावतो तशा. खालचा शर्ट ओढताना वरचे सहा कोसळत नाहीत. आणि कपाट बाहेरच्या भिंतीला अगदी चिकटवून ठेवू नकोस, चार-पाच सेंटीमीटर जागा सोड. तिथे हवा खेळली नाही की ओल धरते आणि कपड्यांना वास येतो. खोलीत कपडे वाळवत असाल तर खिडकी उघडी ठेवणं आलंच.

रॅकचं काय करायचं? परत करण्याची मुदत असेल तर परत कर, मला त्याची दया नाही. नसेल तर तो दोघींचा कर. दोन टेबलांच्या मधे किंवा कॉटच्या पायथ्याशी उभा कर, जड पुस्तकं सगळ्यात खाली, आणि वरचा कप्पा मुद्दाम रिकामा. रॅकची सजावट म्हणजे तो रिकामा कप्पा. फार तर तिथे एक कुंडी ठेव. झाडानं खोलीतली हवा शुद्ध होते असं तुला कुणी सांगेल. ती समजूत 1989 च्या नासाच्या एका अभ्यासातून पसरली, पण तो बंद काचपेटीसारख्या कक्षात केलेला होता. 2019 मध्ये अशा डझनभर अभ्यासांचा फेरहिशोब झाला, तेव्हा खऱ्या खोलीत नुसत्या खेळत्या हवेइतका परिणाम हवा असेल तर दर चौरस मीटरला 10 ते 1000 झाडं लागतील असं निघालं. तेव्हा हवेसाठी खिडकी उघड आणि डोळ्यांसाठी एक मनीप्लांट ठेव. बाटलीत पाण्यावर वाढतो, कमी उजेडात तग धरतो. पाणी आठवड्याला बदल, नाहीतर डास पाळशील.

रूममेटबद्दल. ती नाराज आहे हे तुला कळतंय आणि तरी तुझी खरेदीची यादी वाढतेय, हे मला फारसं आवडलं नाही. भिंती वाटून घेऊन हा प्रश्न सुटत नाही. तुझ्या कॉटमागची भिंत तू वाटणीत घेतलीस तरी ती तुला दिसतच नाही, तिच्याकडे पाठ करून तू बसतेस. दिवसभर बघते ती रूममेट. एकदा तिच्या कॉटवर दहा मिनिटं बस आणि समोर काय दिसतं ते बघ. तिच्या नजरेसमोर जे येतं ते तिला विचारून; तुझ्या टेबलावर, तुझ्या कपाटाच्या बाजूला आणि तुझ्या उशाशी काय लावायचं ते तुझं तू ठरव. कदाचित पोस्टरांचा गट तुझ्या टेबलासमोर जाईल आणि तिला आवडते तशी निदान एक भिंत पूर्ण मोकळी राहील. खरं तर लहान खोलीला एक मोकळी भिंत लागतेच, त्यामुळे या बाबतीत ती तुझ्यापेक्षा बरोबर आहे. चादरीचा रंग ठरवायला तिला सोबत ने, बोलायला ते निमित्त बरं पडेल.

आणि काहीही चिकटवण्याआधी, आजच, चारही भिंतींचे आणि कपाटांचे फोटो काढून ठेव. आधीचे पोपडे आणि डाग कुणाचे हा वाद खोली सोडताना नको. वर्ष संपल्यावर हुक काढताना, खाली शेपटी असलेली चिकटपट्टी असेल तर ती भिंतीला समांतर, सरळ खाली, सावकाश ओढ. ती चांगली हातभर ताणली जाते, घाबरू नकोस. स्वतःकडे ओढलीस की रंग निघालाच म्हणून समज. साधी फोमची पट्टी असेल तर केस वाळवायच्या ड्रायरनं अर्धा मिनिट गरम कर आणि मागून जाड दोरा करवतीसारखा फिरव. उरलेला चिकटपणा बोटानं चोळून निघतो, नखानं खरवडायचं नाही.